वकिलाला सगळं सांगा, पण चारचौघांत नको

तालुका कोर्टात पक्षकार सहसा एकटा येत नाही. बरोबर मेहुणा असतो, गावातला कोर्टकचेरीचा एक 'जाणकार' असतो, गाडी घेऊन आलेला मित्र असतो. सगळे वकिलाच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसतात, चहा येतो आणि त्या घोळक्यात पक्षकार हळूच म्हणतो, "साहेब, खरं सांगायचं तर त्या कागदावरची सही माझीच आहे."

वकिलाने ते ऐकलं, त्यात धोका नाही. तो ते कोर्टात सांगू शकत नाही, कायदाच त्याला सांगू देत नाही. पण मेहुण्याने ऐकलं, जाणकाराने ऐकलं, गाडीवाल्याने ऐकलं. पुढे जमिनीच्या बांधावरून मेहुण्याशी बिनसलं की तोच समोरच्याचा साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहतो, आणि त्याचं तोंड बंद करणारं एकही कलम कायद्यात नाही. वकिलीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. अशिलाची गुपितं वकिलाने फोडल्याची उदाहरणं फार थोडी. अशिलाने स्वतःच्या हाताने संरक्षण घालवल्याची मात्र रोज दिसतात. म्हणून हा लेख आधी पक्षकारासाठी आहे. नव्या वकिलांसाठीही आहे, पण त्यांचा भाग नंतर.

पहिल्यांदा: संरक्षण नेमकं कशाला आहे

जुन्या पुरावा कायद्यात, म्हणजे १८७२ च्या, ही कलमं १२६ ते १२९ अशी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आणि आता ती १३२ ते १३४ मध्ये आहेत. क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला. तुमच्या बॅगेतली जुनी पुस्तिका १२६ म्हणत असेल तर गोंधळू नका.

कलम १३२ वकिलावर बंधन घालतं. वकिलीच्या कामाच्या ओघात आणि त्या कामासाठी तुम्ही त्याला जे सांगितलं, जो कागद दाखवला, त्यावर त्याने जो सल्ला दिला, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय त्याला उघड करता येत नाही. काम संपलं, दावा निकाली निघाला, तरीही नाही. कलम १३४ तुमच्या बाजूने उभं राहतं: वकिलाशी झालेलं गोपनीय बोलणं कोर्टाला सांगा, अशी सक्ती तुमच्यावर करता येत नाही. तुम्ही स्वतःहून साक्षीदार म्हणून उभे राहिलात तर थोडी फट पडते, तिच्याकडे पुढे येऊ.

हा हक्क तुमचा आहे, वकिलाचा नाही, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. वकिलाला वाटलं म्हणून तो सोडू शकत नाही. तुम्ही सोडलात तर तो धरून बसू शकत नाही.

शिवाय वकिलाचं व्यावसायिक कर्तव्य या कलमांपेक्षा रुंद आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत १७ वा नियम त्याला या बंधनाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भंग करू देत नाही, आणि २४ वा नियम अशिलाने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ देत नाही. म्हणजे साक्षीच्या पिंजऱ्यात तर नाहीच, पण बार रूममध्ये कॅरम खेळतानाही "आज माझ्याकडे एक मजेशीर घटस्फोट आलाय" असं म्हणायची सोय नाही. हे दुसरं बंधन जास्त वेळा मोडलं जातं, असं माझं मत आहे.

समोरचा माणूस वकील आहे ना, आणि तो तुमचाच आहे ना, हे तपासा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो.

संरक्षण 'वकील' या माणसाशी झालेल्या बोलण्याला आहे. त्याच्या कारकुनाशी, त्याच्याकडच्या नोकरांशी आणि दुभाषाशी झालेल्या बोलण्यालाही आहे. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या किंवा जतकडे कन्नड बोलणाऱ्या पक्षकारासाठी वकिलाने दुभाषी लावला, तर तोही याच बंधनाखाली येतो. म्हणून दुभाषी वकिलालाच शोधू द्या, शेजाऱ्याला घेऊन जाऊ नका.

दस्तलेखक मात्र वकील नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचा एजंट वकील नाही. फ्लॅट दाखवणारा इस्टेट एजंट, पोलीस ठाण्यात 'ओळख' असलेला माणूस, निवृत्त तलाठी, यांच्यापैकी कोणीही नाही. चार्टर्ड अकाउंटंटवर त्याच्या व्यवसायाच्या नियमांनी गोपनीयतेचं बंधन आहे, पण कलम १३२ त्याला लागू नाही. त्याला साक्षीला बोलावून विचारता येतं. करचोरीची नोटीस आली की माणूस आधी सीएकडे धावतो आणि सगळं ओकून मोकळा होतो. प्रकरण फौजदारीकडे झुकत असेल तर आधी वकील गाठा, सीएला वकिलामार्फत बसवा. मोबाइलवरच्या चॅटबॉटलाही लोक हल्ली केस सांगतात. तोही वकील नाही, एवढंच.

आता 'तुमचा' या शब्दाकडे या. बिल्डरने करारनाम्यासाठी दिलेला वकील बिल्डरचा. गृहकर्ज देताना घराची मालकी (टायटल) तपासणारा पॅनेलवरचा वकील बँकेचा. हाउसिंग सोसायटीने नेमलेला वकील सोसायटीचा, सेक्रेटरीचा नव्हे. त्यामुळे सेक्रेटरीने आपल्या वैयक्तिक व्यवहारातली गडबड त्याच्या कानात सांगितली तर ती सोसायटीच्या वकिलाला सांगितल्यासारखी आहे. फौजदारी खटल्यात सरकारी वकील सरकारचा. तुम्ही फिर्यादी असलात तरी त्याचे अशील नाही. तुम्हाला त्याच्या मदतीला स्वतःचा वकील लावता येतो, आणि मनातलं बोलायचं ते त्या वकिलाशी.

कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटचं प्रकरण आणखी वेगळं. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पगारी नोकरीत असलेल्या इन-हाउस वकिलाला कलम १३२ चं संरक्षण नाही, कारण तो कोर्टात वकिली करणारा वकील नाही. कंपनीच्या वतीने त्याने बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराशी केलेल्या संवादाला १३४ चा आधार मिळेल, पण मालक आणि तो यांच्यातल्या बोलण्याला तो लावता येणार नाही. पुण्या-मुंबईच्या आयटी पार्कात बसून लीगलच्या माणसाला 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणत ईमेल लिहिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि हो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेला मोफत वकीलही तुमचाच वकील. फी तुम्ही भरली नाही म्हणून गुपिताची किंमत कमी होत नाही.

पहिल्या भेटीतच नातं उभं करा

वकीलपत्रावर सही होईपर्यंत गोपनीयता नसते, असा समज आहे. तो चुकीचा. कोर्टात काही दाखल नसताना घेतलेला सल्लाही यात येतो. पण लग्नाच्या पंगतीत भेटलेल्या ओळखीच्या वकिलाला "काय हो, असं झालं तर काय होतं?" असं विचारलं, तर तुम्ही अशील होता की पाहुणे, यावर पुढे वाद होऊ शकतो.

म्हणून सोपं करा. चेंबरमध्ये जा. सुरुवातीलाच म्हणा, "मी तुमच्याकडे सल्ल्यासाठी आलोय." सल्ल्याची फी द्या, पावती घ्या, नाहीतर निदान यूपीआयवर द्या आणि शेऱ्यात 'कायदेशीर सल्ला' लिहा. शंभर-दोनशे रुपयांचा प्रश्न नाही, तुमचं-त्यांचं नातं काय होतं हे दाखवणारी ती नोंद असते.

आणि वस्तुस्थिती सांगण्याआधी समोरच्याचं नाव सांगा. तो वकील उद्या समोरच्या बाजूचा निघाला तर तुमची अर्धी केस आधीच त्याच्या कानात गेलेली असते. लहान गावात तर हे हटकून होतं. दहा वकील, आणि त्यातले चार एकमेकांचे ज्युनियर राहिलेले.

कोण खोलीत बसणार, हे ठरवा

बरोबर आलेल्यांना बाहेर चहाला पाठवायला लाज वाटते. वकिलालाच सांगायला सांगा. चांगला वकील ते स्वतःच करतो. वयस्कर आई एकटी बसायला घाबरत असेल तर मुलीला आत ठेवा, पण सही, पैसे, तारखा यांच्याबद्दलचं नाजूक बोलणं सुरू झालं की तिलाही पाच मिनिटं बाहेर बसू द्या. झाडाखालच्या टेबलावर बोलणं सोयीचं असतं. पण शेजारच्या टेबलावर समोरच्याचा वकील बसलेला असू शकतो.

वाटणीच्या दाव्यात तीन भाऊ मिळून एक वकील करतात, थोरला बोलतो, धाकटे मान डोलावतात. तिघांचं मिळून जे बोलणं झालं ते बाहेरच्यांपासून झाकलेलं असलं तरी तिघांपैकी एकापासून लपवता येणार नाही. पुढे थोरल्या-धाकट्यात फाटलं तर त्या वकिलाला बहुतेक वेळा दोघांनाही सोडावं लागतं. आपला वाटा, आपली वेगळी भीती असेल तर आपला वेगळा वकील.

परदेशात राहणाऱ्यांनी पुण्यातल्या भावाला कुलमुखत्यारपत्र दिलं असेल, तर त्या भावामार्फत वकिलाला गेलेला निरोप हा तुमच्या वतीने गेलेला निरोप मानला जातो; कायद्याचे शब्दच 'अशिलाने किंवा त्याच्या वतीने' असे आहेत. फक्त त्याच घराच्या मालकीवरून त्या भावाशी वाद होण्याची थोडीही शक्यता असेल तर निरोप्या म्हणून त्याला वापरू नका. थेट फोन करा. आणि ऑफिसच्या ईमेलवरून वकिलाला काही पाठवू नका, त्या सर्व्हरचा मालक तुमचा मालक आहे.

व्हॉट्सअॅप, फोन, झेरॉक्स

वकिलासोबतचा कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद करा. 'केस अपडेट' नावाच्या ग्रुपात अकरा लोक असतात, त्यातला एक वहिनीचा भाऊ असतो. वकिलाचा मेसेज फॉरवर्ड करू नका. मुद्दा पोहोचवायचाच असेल तर 'पुढची तारीख अमुक' एवढं स्वतःच्या शब्दांत कळवा. सल्ला म्हणून आलेलं लांबलचक टिपण चुलतभावाला पाठवलं, की ते त्याच्या फोनमध्ये राहतं आणि तिथे ते फक्त एक कागद असतं.

झेरॉक्सच्या दुकानात कागद पेन ड्राइव्हवरून छापून घेतले तर दुकानातल्या संगणकावरून फाइल पुसून घ्या. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याच्या संगणकात निम्म्या तालुक्याच्या कैफियती पडलेल्या असतात, हे मी विनोदाने म्हणत नाही.

पोलिसांनी तुमचा फोन जप्त केला तर जप्ती पंचनाम्याच्या वेळीच सांगा की यात वकिलाशी झालेला संवाद आहे, आणि तसं नोंदवून घ्या. नोंद घेतली नाही तर त्याच दिवशी वकिलामार्फत कोर्टात अर्ज द्या. वकिलाशी बोलण्यासाठी वेगळा चॅट, वेगळा ईमेल फोल्डर ठेवला असेल तर हरकत घेणं सोपं जातं. सगळं एकत्र मिसळलेलं असेल तर फार कठीण.

जे झाकलं जात नाही

कायद्यातच याची उदाहरणं दिली आहेत आणि ती इतकी नेमकी आहेत की तीच सांगतो. अशील म्हणतो, "मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा." हे संरक्षित आहे, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. अशील म्हणतो, "हा बनावट दस्त आहे, याच्या जोरावर जमिनीचा ताबा मिळवायचाय, दावा लावा." हे संरक्षित नाही. तिसरं उदाहरण अपहाराच्या आरोपीचं: वकिलाने काम हाती घेतलं तेव्हा हिशोबाच्या वहीत नसलेली नोंद पुढे त्याच वहीत त्याला दिसली, तर ते त्याने पाहिलेलं तथ्य लपत नाही.

आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराचं देशी रूप ठरलेलं आहे: "साहेब, २०१९ चा जुना स्टॅम्प मिळेल का? मागच्या तारखेचं साठेखत करून घेऊ." हे वाक्य वकिलाच्या चेंबरमध्ये बोललं गेलं म्हणून पवित्र होत नाही. झालेल्या चुकीबद्दल मन मोकळं करा. होऊ घातलेल्या चुकीत वकिलाला भागीदार करू नका.

आधीपासून अस्तित्वात असलेला कागद वकिलाच्या कपाटात ठेवल्याने अदृश्य होत नाही, हेही लक्षात घ्या. सातबारा, बँकेचं पासबुक, मूळ करार तुमच्याकडे असताना मागवता आला असता, तर वकिलाकडे गेल्यावरही मागवता येतो. त्या करारावर वकिलाने पेन्सिलीने लिहिलेली टिपणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर

मघाशी ज्या फटीबद्दल म्हटलं ती ही. तुम्ही साक्ष दिलीत म्हणजे सगळं संरक्षण सुटलं असं नाही. कलम १३३ तेच सांगतं. पण तुमच्या साक्षीतली एखादी गोष्ट समजून घ्यायला वकिलाशी झालेलं बोलणं आवश्यक आहे असं कोर्टाला वाटलं, तर तेवढं सांगायला भाग पाडता येतं.

ही फट बहुतेक वेळा पक्षकार स्वतःच पाडतो. उलटतपासात विचारतात, "सरतपासाच्या (म्हणजे तुमच्या मूळ साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रात तुम्ही असं का लिहिलंत?" आणि तो उत्तर देतो, "ते वकिलांनी लिहिलं, मला काय माहीत." त्या एका वाक्याने साक्षीवरचा विश्वास उडतो, आणि वकिलाने काय सांगितलं, काय विचारलं, ही चौकशीही दार ढकलायला लागते. उपाय साधा आहे: प्रतिज्ञापत्र सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या, न पटलेली ओळ खोडायला लावा, आणि पिंजऱ्यात "मी सांगितलं तसं लिहिलं" एवढंच खरं असेल अशी स्थिती आधीच ठेवा. "वकिलांशी काय बोललात?" असा सरळ प्रश्न आला तर उत्तर द्यायची घाई करू नका. तुमच्या वकिलाला हरकत घ्यायला दोन सेकंद द्या.

अटक झाली तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण चौकशीभर तो शेजारी बसेल असं नाही. भेट पोलिसांच्या नजरेसमोर असली तरी चालेल, कानांसमोर नको. तशी मागणी वकिलाने तोंडी न करता लेखी करावी. न्यायाधीन कैद्यांनी वकिलाला तिसऱ्या माणसाशिवाय भेटावं, ही सोय १८९४ च्या तुरुंग कायद्यातही आहे. मुलाखतीच्या खोलीत जाळीपलीकडे गोंगाट असेल तर महत्त्वाचं बोलणं टाळा, कोर्टात हजर केलं जाईल त्या दिवशीची पाच मिनिटं मागा.

वकिलांसाठी: दारात समन्स आलं तर

जून २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने (ईडी) अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढली आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतली. संचालनालयाने पुढे परिपत्रक काढून, वकिलाला बोलवायचं तर संचालकांची पूर्वपरवानगी लागेल असं ठरवलं. त्याच वर्षी गुजरातमध्ये जामिनाचं काम पाहणाऱ्या एका वकिलाला पोलिसांची नोटीस आली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि वर उल्लेखलेला ३१ ऑक्टोबरचा निकाल आला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांचं ते पीठ होतं.

त्यातून कामाला येणाऱ्या गोष्टी अशा. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकारी वकिलाला बोलावू शकत नाही. कलम १३२ च्या अपवादात (वर 'जे झाकलं जात नाही' मध्ये सांगितलेल्या) बसत असेल तरच, आणि कोणत्या तथ्यांमुळे बसतं हे समन्समध्ये स्पष्ट लिहिलं पाहिजे. पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेल्या वरिष्ठाची लेखी, कारणांसह संमती हवी. ती नसेल तर तसं लेखी कळवा आणि संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात जा. कागद मागितले तर ते पोलीस ठाण्यात नाही, कोर्टात हजर करायचे. लॅपटॉप किंवा फोनही कोर्टातच. कोर्ट संबंधित अशिलाला नोटीस देईल, हरकती ऐकेल, आणि उघडायचं ठरलं तर वकील, अशील आणि त्यांच्या पसंतीचा तंत्रज्ञ यांच्यासमोरच उघडलं जाईल. इतर अशिलांची माहिती बाहेर पडू नये ही काळजी त्यात घ्यायची आहे.

समन्स आलं की पहिलं काम अशिलाला कळवणं. "जाऊन समजावून येतो" म्हणत ठाण्यात चहाला जाणारे ज्येष्ठ मी पाहिले आहेत. हक्क अशिलाचा आहे. तो चहाच्या कपावर सोडायचा अधिकार तुम्हाला नाही.

वकील बदलताना, आणि विश्वास मोडला तर

वकील बदलला तरी जुन्याचं तोंड बंदच राहतं. ज्याने तुमच्यासाठी दावा तयार केला किंवा सल्ला दिला, त्याला त्याच प्रकरणात समोरच्यासाठी उभं राहता येत नाही. बार कौन्सिलचा ३३ वा नियम तो. फी राहिली म्हणून फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. फी तो वेगळी वसूल करू शकतो. जुन्या वकिलाकडून ना हरकत घेताना फाइलची पोच द्या, आणि स्कॅन केलेल्या प्रतींचं काय करणार हेही विचारा. हे कोणी विचारत नाही.

खरंच गुपित फुटलं असेल तर वकील अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे तक्रार करता येते. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते, सनदही काढून घेऊ शकते. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील. तक्रारीत 'विश्वासघात केला' असं मोघम लिहू नका: काय सांगितलं होतं, कधी, कोणासमोर, आणि ते कुठे, कोणाच्या तोंडून बाहेर आलं, ते लिहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना कित्येकांना आठवतं की त्या दिवशी चेंबरमध्ये मेहुणाही बसला होता.